डोंबिवलीतील जुने घर नऊ महिने विकले जात नाही: दुरुस्ती करावी, किंमत उतरवावी की थांबावे?

तिसरामजला (प्रश्न)

नमस्कार. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवर आमचे एक घर आहे. इमारत १९९३ ची आहे, तळमजला अधिक तीन मजले, एकूण सोळा सदनिका, लिफ्ट नाही, आणि आमची सदनिका तिसऱ्या मजल्यावर आहे. करारनाम्यात क्षेत्रफळ ५६० चौरस फूट बिल्टअप (भिंती धरून) असे लिहिलेले आहे. वडिलांनी ही सदनिका १९९४ मध्ये थेट बिल्डरकडून घेतली होती. ते २०२२ मध्ये गेले, आणि दीड वर्षापूर्वी आई माझ्याकडे पुण्याला राहायला आल्यापासून घर कुलूपबंद आहे. सोसायटीत वडिलांनी आईचे नामनिर्देशन केले होते, त्यानुसार आईचे नाव सभासद म्हणून लागले आहे. मला एक बहीण आहे, ती न्यू जर्सीला असते, आणि घर विकण्यास तिची पूर्ण संमती आहे.

फेब्रुवारीत आम्ही ६२ लाख सांगून सुरुवात केली, कारण समोरच्या इमारतीतील तसेच घर ६५ लाखांना जाहिरातीत दिसत होते. तीन एजंटांकडे किल्ली दिली. नवरात्रापासून किंमत ५८ लाखांवर आणली आहे. आतापर्यंत चौदा कुटुंबांनी घर पाहिले, त्यांपैकी दोघांनी ४५ आणि ४६ लाख सांगितले, ते आम्ही मनावर घेतले नाही. (जूनमध्ये एका जोडप्याशी ५५ लाखांना ठरले होते आणि त्यांनी ५१ हजारांचे टोकनही दिले होते, परंतु महिन्याभराने त्यांचे कर्ज काही कारणाने बसले नाही म्हणून त्यांनी टोकन परत घेतले.)

एका कंत्राटदाराने नवीन लाद्या, मॉड्युलर किचन आणि न्हाणीघराचे संपूर्ण नूतनीकरण यांसाठी सव्वाचार लाखांचा अंदाज दिला आहे. एजंटांचे म्हणणे असे की घर चकाचक केले तर ६० लाखांना जाईल. सोसायटीच्या सचिवांचे म्हणणे असे की दोन वर्षे थांबा, पुनर्विकास येतो आहे. आईला मात्र दर महिन्याला बंद घराचा मेंटेनन्स भरणे खटकते. ज्यांनी अलीकडे अशा मंद बाजारात जुने घर विकले आहे त्यांनी कृपया सांगावे, नेमके कोठून सुरू करावे?

कर्जविभाग_निवृत्त

आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण कंसात टाकले आहे. ठरलेला सौदा कर्ज न बसल्यामुळे मोडला, आणि ते "काही कारण" कोणते होते हे इतक्या महिन्यांत कोणी विचारले नाही. मी एका बँकेच्या गृहकर्ज विभागात सव्वीस वर्षे काढली. जुन्या इमारतीतील घर मंदीत पडून राहते तेव्हा लाद्या जुन्या असणे हे त्याचे कारण क्वचितच असते. बहुतेक वेळा ग्राहकाला घर आवडलेले असते आणि त्याच्या बँकेला आवडलेले नसते. तेजीत रोख जमवून किंवा सहकारी पतसंस्थेकडून भागवून घेणारे ग्राहक भेटतात, बाजार मंदावला की फक्त कर्जावर घेणारेच उरतात. तेव्हा लाद्यांच्या आधी त्यांच्या बँकेचा विचार करा.

प्रथम त्या जोडप्याला नम्रपणे दूरध्वनी करून बँकेने लेखी काय कळवले ते विचारा. माझा अंदाज सांगतो. एक तर मूल्यांकन कमी आले असेल, किंवा वारसांची कागदपत्रे अपुरी पडली असतील, किंवा भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळाले नसेल. तिन्ही एकाच वेळी असण्याचीही शक्यता आहे.

मूल्यांकनाचे गणित आकड्यांत पाहिले तर आपल्याला ४५ लाखांची बोली अपमानास्पद वाटणार नाही. बँक कर्ज ठरवताना करारातील किंमत आणि तिच्या मूल्यांककाने काढलेली किंमत यांपैकी कमी असेल ती धरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ३० लाखांपेक्षा जास्त आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देता येते. समजा मूल्यांककाने ४६ लाख लिहिले, तर कर्ज ३६ लाख ८० हजार. आपण ५८ लाख मागत असाल तर ग्राहकाला २१ लाख २० हजार पदरचे घालावे लागतात, त्यावर अधिभारांसह ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४ लाख ६ हजार, आणि नोंदणी शुल्क ३० हजार. म्हणजे त्याच्या बचत खात्यात साडेपंचवीस लाखांहून जास्त रक्कम तयार हवी, आणि लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके घेणाऱ्या तरुण जोडप्याकडे ती नसते. हेच घर ४८ लाखांना दिले तर पदरची रक्कम मुद्रांक शुल्कासह पंधरा लाखांच्या आत येते. करार केवळ स्त्रीच्या नावाने झाला तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे आणखी ४८ हजार वाचतात. ही गोष्ट ग्राहकाला आपण होऊन सांगावी, पुष्कळांना ती ठाऊक नसते.

आता कागदपत्रे. १९९४ चा मूळ करारनामा, त्याची नोंदणी पावती, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, मंजूर नकाशा, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची चालू पावती, सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र आणि संरचनात्मक तपासणीचा अहवाल, एवढे एका फाईलमध्ये लावून ठेवा. शेवटची गोष्ट सोसायट्या टाळतात. इमारत ३० वर्षांहून जुनी झाली की ही तपासणी कायद्याने आवश्यक आहे, आणि इमारतीचे उरलेले आयुष्य कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी दिसले की बँक वीस वर्षांऐवजी बारा वर्षांचे कर्ज देऊ करते. हप्ता वाढतो आणि ग्राहक गळतो. आपली इमारत आता बत्तीस वर्षांची आहे. सचिवांना पुनर्विकासाविषयी बोलण्याऐवजी हा अहवाल मागा.

भोगवटा प्रमाणपत्राविषयी डोंबिवलीत वेगळी भीती आहे. कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतील ज्या ६५ इमारतींनी बनावट कागदपत्रांवर महारेराची (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची) नोंदणी मिळवली होती, त्या पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. आपली इमारत त्या प्रकारातील नाही हे आपल्याला ठाऊक आहे, परंतु बोरिवलीहून घर पाहायला आलेल्या माणसाला ते ठाऊक नसते. त्याच्या डोक्यात फक्त "डोंबिवली" आणि "बेकायदा" हे दोन शब्द शेजारीशेजारी बसलेले असतात. घर दाखवतानाच फाईल टेबलावर ठेवा.

आणि वारस. सोसायटीत आईचे नाव लागले म्हणजे आई मालक झाल्या असे पुष्कळ कुटुंबे समजतात. नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने विश्वस्त असते. मृत्युपत्र नसेल तर आई, आपण आणि आपली बहीण हे तिघे समान हिस्सेदार आहात. आपण व बहिणीने आईच्या लाभात हक्कसोडपत्र नोंदवले तर आई एकट्या विक्री करू शकतात. ते करायचे नसेल तर विक्री करारावर तिघांच्या सह्या हव्यात. काही बँका एवढ्यावरही थांबत नाहीत आणि १८२७ च्या विनियमाखालील न्यायालयाचा वारस दाखला मागतात, त्याला महिने लागतात. म्हणून हे काम ग्राहक येण्याआधी उरकावे.

सव्वाचार लाख रुपये सध्या बँकेतच राहू द्या.

फडके_रोड_ते_खारघर

मी गेल्या वर्षी रामनगरमधील सासूबाईंचे घर विकले, तेही लिफ्ट नसलेल्या इमारतीतलेच, दुसऱ्या मजल्यावरचे. वरील उत्तरातील प्रत्येक शब्द मला पटला, तरी घराच्या तयारीकडे अजिबात दुर्लक्ष करावे असे मला वाटत नाही. फक्त ती तयारी मॉड्युलर किचनची नसते.

आमचे घर अकरा महिने बंद होते. मी पहिल्यांदा एका ग्राहकाबरोबर स्वतः गेले आणि दार उघडताच जो वास आला त्याने मलाच परत फिरावेसे वाटले. न्हाणीघरातील जाळीखालचे पाणी आटून गेले होते आणि गटाराची हवा थेट घरात येत होती. एजंट सहा महिने त्या वासातच लोकांना फिरवत होता आणि "लोकांना बजेट नाही" असे आम्हाला कळवत होता. उपाय एवढाच होता की शेजारच्या काकूंनी दर चार दिवसांनी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतायचे आणि तासभर खिडक्या उघड्या ठेवायच्या. त्यासाठी मी त्यांना पैसे देऊ केले तेव्हा त्या रागावल्या, मग दिवाळीला साडी नेली.

दुसरी गोष्ट ओलीची. आमच्या न्हाणीघराची आणि झोपण्याच्या खोलीची भिंत एकच होती, आणि खोलीच्या बाजूने कमरेएवढ्या उंचीपर्यंत पोपडे धरले होते. पहिल्या एजंटाने त्यापुढे कपाट सरकवून ठेवण्याचा सल्ला दिला होता. कृपया असे करू नका. घर घेणारा माणूस कपाट हलवून पाहतोच, आणि एकदा त्याला लपवलेली ओल दिसली की तो न दिसणाऱ्या दहा गोष्टींची किंमत मनातल्या मनात वजा करतो. आम्ही न्हाणीघरातील लाद्यांच्या फटी पुन्हा भरून घेतल्या, एक जुना नळजोड बदलला, भिंत दीड महिना वाळू दिली आणि मगच रंग दिला. प्लंबर, सगळ्या घराला साधा पांढरा रंग, प्रत्येक खोलीत चांगला दिवा, एक गंजलेली खिडकीची जाळी आणि दाराची कडी, असे मिळून आमचा खर्च ४१ हजार झाला. नवे किचन आम्ही केले नाही. जो घेणार आहे त्याला त्याच्या मनासारखा ओटा करायचा असतो, आणि आपण बसवलेल्या हिरव्या शटरचे पैसे तो आपल्याला कशाला देईल?

सर्वांत अवघड काम सामानाचे होते. दोन गोदरेजची कपाटे, लग्नातली पितळी भांडी, सासऱ्यांच्या पुस्तकांचे सात खोके, माळ्यावरच्या गाद्या. वन बीएचके मुळातच लहान असते, त्यात दोन कपाटे असली की येणाऱ्याला स्वतःचा पलंग कुठे लागेल हे दिसतच नाही. सासूबाई बोरिवलीला नणंदेकडे होत्या, त्यांना न विचारता काही काढणे मला जमणारे नव्हते. शेवटी त्यांना दोन दिवसांसाठी आणले, त्यांनी स्वतः एकेक वस्तू पाहून सांगितले. घर रिकामे झाल्यावर त्या ओट्याला हात लावून थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "आता किती मोठे दिसते गं." तुमच्या आईंनाही एकदा घेऊन जा, असे सुचवावेसे वाटते.

क्षेत्रफळाविषयीही सांगते. तुमच्या एजंटांनी जाहिरातीत किती चौरस फूट लिहिले आहे ते एकदा पाहा. आमच्या एजंटाने ५४० चे ६४० करून टाकले होते. आता सगळ्यांना कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतले क्षेत्रफळ विचारण्याची सवय लागली आहे, लोक मोबाईलमधून किंवा टेपने मोजतात, आणि जाहिरातीपेक्षा घर लहान निघाले की बोलणे तिथेच संपते. मी शेवटी स्वतः भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजून कागदावर नकाशा काढला आणि तोच फोटोंबरोबर दिला.

आणि गंमत पाहा, तीन एजंट, दोन संकेतस्थळे आणि सत्तावीस भेटींनंतर आमचे घर घेतले कोणी, तर मागच्या गल्लीत नऊ वर्षे भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाने. मुलीची शाळा जवळ होती, त्यांना गल्ली सोडायची नव्हती, जिन्याची सवय होती, पाणी किती वाजता येते हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होते. त्यांनी जाहिरात पाहिलीच नव्हती. किराणा दुकानदाराने सांगितले. कल्याण-शीळ रस्त्यावरचे मोठे टॉवर, पोहण्याचा तलाव आणि क्लब हाऊस ज्यांना हवे आहे ते तुमच्या तिसऱ्या मजल्यावर येणारच नाहीत. ज्यांना सकाळची ८.१२ ची लोकल पकडण्यासाठी पावणेआठला घरातून चालत निघायचे आहे, त्यांच्यासाठी तुमचे घर आहे. सोसायटीच्या फळ्यावर आणि आजूबाजूच्या चार सोसायट्यांच्या फळ्यांवर एक सुवाच्य कागद लावा.

गच्चीवरूनठाणे

माझे मत थोडे वेगळे आहे. इमारत बत्तीस वर्षांची आहे, स्टेशन बारा मिनिटांवर आहे, म्हणजे पुनर्विकास आज ना उद्या होणारच. आज ४८ लाखांना देऊन टाकलेल्या घराच्या जागी उद्या लिफ्ट असलेले, मोठे घर मिळाले तर पश्चात्ताप होईल. तोपर्यंत भाड्याने द्यावे, मेंटेनन्स तरी सुटेल.

कर्जविभाग_निवृत्त

गच्चीवरूनठाणे यांचा मुद्दा चुकीचा नाही, पण तो कोणत्या टप्प्यावर लागू होतो हे पाहावे लागेल. पुनर्विकासाविषयी शासनाने ४ जुलै २०१९ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे किमान ५१ टक्के सभासदांची संमती लागते. सोळा सदनिकांत नऊ. ती मिळणे तुलनेने सोपे आहे. अवघड पुढे आहे. जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर असेल तर कोणताही गंभीर विकासक आधी अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झाले आहे का ते विचारतो, आणि झाले नसेल तर सोसायटीला मानीव (बिल्डरच्या सहीवाचून होणाऱ्या) अभिहस्तांतरणासाठी अर्ज करावा लागतो. म्हणून सचिवांना तीन प्रश्न विचारावेत: अभिहस्तांतरण झाले आहे का, विशेष सर्वसाधारण सभेत ठराव झाला आहे का, आणि विकासकाशी नोंदणीकृत करार झाला आहे का. तिन्हींची उत्तरे "होईल" अशी असतील तर पुनर्विकास ही अद्याप चहाबरोबरची चर्चा आहे. नोंदणीकृत विकास करार होईपर्यंत ग्राहक त्या आशेचे पैसे देत नाही, आणि त्याची बँक तर मुळीच देत नाही. उलट, सभेत पुनर्विकासाचा ठराव होऊन पुढे काही घडत नसेल, तर काही बँका अशा इमारतीवर कर्ज द्यायलाच कचरतात. आपल्या आईंचे वय आपण सांगितलेले नाही. पाच-सात वर्षे थांबण्याचा हिशेब त्यांच्याशी बोलून करावा, आपल्या सोयीने नव्हे.

भाड्याने देण्याविषयी एवढेच सांगतो की भाडेकरू असताना घर दाखवणे त्रासाचे होते आणि रिकाम्या ताब्याशिवाय कर्जावर घेणारा ग्राहक पुढे येत नाही. विकायचे पक्के असेल तर भाडेकरू ठेवू नये, आणि थांबायचे पक्के असेल तर आजच ठेवावा. अकरा महिन्यांचा करार करून "मधे ग्राहक आला तर पाहू" असे म्हणणाऱ्यांची घरे दोन्हीकडून अडकलेली मी पाहिली आहेत.

लेखापाल_नौपाडा

कराचा भाग कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो. मंद बाजारात विक्रेता किमतीवर घासाघीस करतो आणि कराकडे शेवटी पाहतो. या कुटुंबाच्या बाबतीत मात्र कोण विकतो यावर सौदा होईल की नाही हेच अवलंबून आहे.

घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असल्यामुळे खरेदी किमतीऐवजी त्या तारखेचे बाजारमूल्य धरता येते, मात्र ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा (मुद्रांक शुल्क ज्यावर मोजतात त्या सरकारी मूल्यापेक्षा) जास्त धरता येत नाही. नोंदणीकृत मूल्यांककाकडून अहवाल घ्यावा. उदाहरणापुरते ते मूल्य ६ लाख आणि विक्री ४८ लाखांना असे समजू. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी (कराच्या दृष्टीने भारतात राहणाऱ्या) व्यक्तीला दोन पद्धतींपैकी कमी कर येणारी निवडता येते. महागाई निर्देशांक २०२५-२६ साठी ३७६ आहे, म्हणून ६ लाखांचे २२ लाख ५६ हजार होतात, नफा २५ लाख ४४ हजार, त्यावर २० टक्के म्हणजे सुमारे ५ लाख ९ हजार. निर्देशांक न लावता नफा ४२ लाख, त्यावर साडेबारा टक्के म्हणजे सव्वापाच लाख. फरक फार नाही, पण आहे. वर ४ टक्के उपकर. आईंचे इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा कमी असेल तर उरलेली मर्यादा या नफ्यातून वजा होते, हे विसरू नये.

आता बहीण. ती अनिवासी असेल तर तिच्या तृतीयांश हिश्शाला निर्देशांकाचा पर्याय नाही. तिचा कर साधारण पावणेदोन लाख आणि उपकर. अडचण कराची नसून कपातीची आहे. सर्व विक्रेते निवासी असतील तर किंमत आणि मुद्रांक मूल्य दोन्ही ५० लाखांच्या आत असताना ग्राहकाला काहीच कापावे लागत नाही. विक्रेत्यांत एक जरी अनिवासी असला तर २०२५ मधील नियमांप्रमाणे ग्राहकाला स्वतःचा टॅन (कर कापून भरणाऱ्याचा) क्रमांक काढून तिच्या हिश्शाच्या पूर्ण रकमेवर, म्हणजे १६ लाखांवर, कर कापावा लागतो. नफ्यापुरतीच कपात व्हावी असे वाटत असेल तर तिने आयकर विभागाकडून आधी प्रमाणपत्र घ्यावे लागते. पहिले घर घेणाऱ्या सामान्य नोकरदाराला हे सांगितले की तो घाबरून शेजारच्या इमारतीकडे वळतो. बाजारात दहा घरे उपलब्ध असताना तो आपल्यासाठी टॅन कशाला काढील?

बहिणीला खरोखरच पैसे नको असतील तर आईच्या लाभात विनामोबदला हक्कसोडपत्र नोंदवणे सर्वांत सरळ. जवळच्या नात्यात त्याला नाममात्र मुद्रांक लागतो. ती येऊ शकत नसेल तर तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित कुलमुखत्यारपत्र पाठवावे आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक भरावा. मात्र हक्क सोडणे म्हणजे खरोखरच सोडणे. "कागदावर सोड, नंतर तुझा वाटा देतो" असा तोंडी ठराव करून हक्कसोडपत्र नोंदवू नका. तिला वाटा हवा असेल तर तो हक्काने घेऊ द्या आणि प्रमाणपत्राच्या मागे आजपासून लागा.

नफा वाचवण्यासाठी सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंतचे ठराविक रोखे घेता येतात, ते पाच वर्षे अडकतात आणि त्यांचे व्याज करपात्र असते. ज्येष्ठ व्यक्तीच्या बाबतीत मी दरवेळी हा सल्ला देत नाही. पाच लाख कर भरून हाती मोकळी रक्कम ठेवणे काही आयांना जास्त हिताचे असते, मुलांना ते पटत नाही ही गोष्ट वेगळी.

किंमत फार खाली नेतानाही मर्यादा आहे. रेडी रेकनरप्रमाणे (सरकारी दरपत्रकाप्रमाणे) येणारे मूल्य करारातील किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक जास्त निघाले तर कर त्या जास्त मूल्यावर धरला जातो. आपल्या इमारतीचे मूल्य, जुन्या बांधकामाचा घसारा वजा करून, आधी काढून घ्यावे. काही रक्कम रोख घेऊन करारात किंमत कमी दाखवण्याची सूचना एखादा एजंट करील. ती ऐकू नये. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारल्यास तेवढाच दंड होऊ शकतो, आणि ग्राहकाचे कर्जही करारातील किमतीवरच बसते, त्यामुळे त्यालाही ते परवडत नाही.

तिसरामजला

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण आधी सांगितलेली कामे करायची होती.

त्या जोडप्याला दूरध्वनी केला. त्यांनी बँकेचे पत्रच पाठवले. मूल्यांकन ४६ लाख ५० हजार आणि "सर्व कायदेशीर वारसांची संमती उपलब्ध नाही" असे दोन मुद्दे त्यात होते. आमच्या एजंटाला हे तेव्हापासून ठाऊक होते. त्याने आम्हाला सांगितले नाही, कारण किंमत कमी करायला सांगितले तर आम्ही किल्ली दुसऱ्याला देऊ असे त्याला वाटले. त्याला दोष देताना मला आमचेच मागचे वागणे आठवले, म्हणून गप्प बसलो.

जाहिरातीत क्षेत्रफळ ६५० लिहिलेले निघाले. मी आणि आईने मोजले तेव्हा कार्पेट ४३८ भरले. समोरच्या इमारतीतील ६५ लाखांचे घर अजून जाहिरातीतच आहे. आमच्या रस्त्यावरील गेल्या वर्षभरातील तीन नोंदणीकृत व्यवहारांचे इंडेक्स टू काढले, तेव्हा आमच्या क्षेत्रफळाला ते ४६ ते ४९ लाखांच्या दरम्यान येतात असे दिसले. आई म्हणाली, "मग आपण नऊ महिने कोणत्या घराची किंमत सांगत होतो?"

भोगवटा प्रमाणपत्राची प्रत सचिवांच्या कपाटात होती. संरचनात्मक तपासणीचा ठराव पुढच्या सभेत येणार आहे. पुनर्विकासाविषयीच्या तिन्ही प्रश्नांना उत्तर "होईल" असेच आले. बहीण हक्कसोडपत्र करणार आहे, मी तिला लेखापाल_नौपाडा यांचे उत्तर जसेच्या तसे पाठवले आणि तिने दोन दिवस विचार करून कळवले. किंमत ४९ लाख ५० हजार अशी लावली आहे. फळ्यावर कागद लावल्यापासून दोन चौकशा आल्या, त्यांतील एक तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाची आहे.

त्यांचे म्हणणे असे की हक्कसोडपत्र नोंदवण्याआधीच टोकन घ्या म्हणजे घर त्यांच्यासाठी राखून राहील. घ्यावे का?

कर्जविभाग_निवृत्त

टोकन घेण्यास हरकत नाही, परंतु ते चेकने किंवा बँक खात्यातून घ्यावे आणि एका कागदावर चार गोष्टी लिहून दोघांनी सह्या कराव्यात. एकूण किंमत किती, हक्कसोडपत्र कोणत्या तारखेपर्यंत नोंदवले जाईल, त्यानंतर किती दिवसांत ग्राहक कर्ज मंजुरीचे पत्र आणील, आणि कर्ज नामंजूर झाल्यास टोकन पूर्ण परत मिळेल की काही कापले जाईल. माझे मत विचाराल तर वारसांमुळे अडल्यास पूर्ण परत करावे आणि ग्राहकाने नुसता विचार बदलला तरच कापावे. त्यांना आत्ताच सर्व कागदांच्या प्रती द्या आणि टोकन देण्याआधीच त्यांच्या बँकेच्या वकिलाकडून पाहून घ्यायला सांगा. त्यात त्यांचे हजार-दोन हजार जातील, पण जूनसारखे होणार नाही.

ताबा मात्र बँकेची पूर्ण रक्कम आईंच्या खात्यात जमा झाल्यावरच द्यावा. भाडेकरू त्याच इमारतीतील असल्यामुळे "आधी सामान वर नेऊन ठेवतो, रंग काढून घेतो" अशी विनंती हमखास येईल आणि नकार देणे जड जाईल. आत्ताच सांगून ठेवा.

फडके_रोड_ते_खारघर

तळमजल्यावरचेच कुटुंब असेल तर त्यांना एकदा संध्याकाळी सातच्या सुमारास वर बोलवा. तिसऱ्या मजल्यावर त्या वेळी वारा असतो आणि डास कमी असतात, हे तळमजल्यावर राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. आणि वीजजोडणी सुरू ठेवा. आमच्याकडे बिल थकल्याने महावितरणने मीटर काढून नेला होता, आणि पहिली दोन कुटुंबे मोबाईलच्या उजेडात घर पाहून गेली.

तिसरामजला

मीटर आहे, बिल आजच भरले. हक्कसोडपत्राचा मसुदा वकिलांकडे दिला आहे आणि बहिणीला दूतावासाची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली आहे. रविवारी आईला घेऊन डोंबिवलीला जातो आहे, तळमजल्यावरच्या मंडळींना सातची वेळ दिली आहे.